चतुर्थीचा चंद्र आणि साबुदाण्याची पिशवी

संकष्टीला रात्री नऊनंतर आमच्या घरात एकच प्रश्न असतो, दिसला का? कोण ते सांगावं लागत नाही. कालनिर्णयात चंद्रोदय ९ वाजून काहीतरी मिनिटं असा दिलेला असतो, आई त्याच्या दहा मिनिटं आधी आरतीचं ताट घेऊन गच्चीत हजर, आणि चंद्राचा पत्ता नाही. कालनिर्णय खोटं बोलत नाही हो, पण ती वेळ क्षितिजाची असते आणि आम्ही राहतो परळला. गिरण्या होत्या तेव्हा चिमण्यांच्या मधून थोडंफार क्षितिज दिसायचं, आता गिरण्यांच्या जागेवर टॉवर आलेत. आमची बिल्डिंग चार मजली, समोर पूर्वेला चाळीस मजले. गच्चीतून बघितलं तर टॉवर खालचं वीसेक अंश आकाश खाऊन टाकतो, आणि चंद्र तासाला साधारण चौदा अंश वर चढतो, म्हणजे पंचांगातला चंद्र आणि आमच्या आईचा चंद्र यांच्यात जवळजवळ दीड तासाचा फरक. "वेळ झाली ना, हात जोड आणि जेवून घे," असं बाबा दर महिन्याला सांगायचे. "बघितल्याशिवाय नाही," असं आई अजूनही दर महिन्याला सांगते.

तर या दीड तासात करायचं काय, म्हणून मी कॅमेरा घेऊन वर जायला लागलो.

कॅमेरा काही फार भारी नाही. ब्रिज कॅमेरा म्हणतात तसला, लेन्स बदलता येत नाही पण झूम ५० पट. ताडोबाला जायचं ठरलं तेव्हा हौसेनं घेतला होता, वाघ काही दिसला नाही आणि कॅमेरा कपाटात गेला. पहिल्या संकष्टीला चंद्र टॉवरच्या डोक्यावरून निघाला तसा मी फुल झूम केला, ऑटोवर ठेवला, श्वास रोखला आणि दाबलं बटण. आली इडली. पांढरीशुभ्र, गोल, कडेनं जराशी पसरलेली. दुसरा काढला तर हललेली इडली. भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर त्याचं उत्तर, "मामा, चटणी?"

मग मी तेच केलं जे सगळे करतात. रात्र आहे, उजेड कमी पडत असणार, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवला, नाईट मोड लावला, शटर जास्त वेळ उघडं ठेवलं, आणि इडलीचा ट्यूबलाईट झाला. डोळ्यांना डाग दिसतायत, ससा दिसतोय, आणि कॅमेऱ्यात मात्र नुसता पांढरा गोळा, हे मला दोन महिने कळेना. कळलं तेव्हा स्वतःचंच हसू आलं कारण गोष्ट एवढी साधी आहे. चंद्र आपल्याला रात्री दिसतो म्हणून आपण त्याला रात्रीची वस्तू समजतो, पण तो उन्हात पडलेला दगड आहे. आपण गच्चीत अंधारात उभे आहोत, तिकडे भर दुपार आहे. सूर्यापासून आपण जेवढे लांब जवळजवळ तेवढाच तो लांब, म्हणजे ऊनही आपल्यासारखंच, वर ढग नाहीत की हवा नाही. तेव्हा फोटो दुपारच्या उन्हातल्या दगडाचा काढायचा, रात्रीचा नाही. आणि दगडही कसा, तर मळकट काळा. पडलेल्या उजेडातला साधारण १२ टक्केच तो परत पाठवतो, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्याइतका. मागचं आकाश त्याहून काळं म्हणून आपल्याला चांदीचा वाटतो. आता कुणा मुलीला तुझा चेहरा डांबरासारखा आहे म्हटलं असतं तर किती लग्नं जमली असती देव जाणे.

कॅमेऱ्याचाही दोष नाही. ऑटोमध्ये तो पूर्ण फ्रेम बघतो, त्यात बहुतेक सगळं काळं, म्हणून तो बिचारा समजतो की फार अंधार आहे आणि उजेड ओढत बसतो. त्याच्या हातातून कारभार काढून घ्यायचा, डायल मॅन्युअलवर. फिल्मच्या जमान्यातला एक नियम आहे, लूनी ११ म्हणतात त्याला, की पौर्णिमेच्या चंद्राला अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/११ ठेवायचं (आकडा लहान तितकं भोक मोठं) आणि आयएसओ जितका त्याच्या उलट शटर, आयएसओ १०० तर १/१०० सेकंद. माझ्या कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर फुल झूमला एफ/६.५ च्या पुढे उघडत नाही, त्या हिशोबानं शटर १/३२० च्या आसपास हवं, पण मधली मुंबईची हवा थोडा उजेड खाते म्हणून मी १/२०० ला येऊन थांबलोय. अष्टमीच्या अर्ध्या चंद्राला १/८० लागतो. अर्धा चंद्र म्हणजे अर्धा उजेड असं मी धरून चाललो होतो, ते साफ चूक, तिथे ऊन तिरकं पडतं आणि सावल्या लांब असतात त्यामुळे अर्ध्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच भरतो. थोडक्यात स्क्रीनवर "अरे हा फारच काळपट आला" असं वाटलं की समजायचं जमतंय.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरची गोष्ट यावरून मला फार आवडते. १९४१ साली न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ नावाच्या गावाजवळून तो गाडीनं चालला होता, बघतो तर मावळत्या उन्हात कब्रस्तानातले क्रॉस चमकतायत आणि वर चंद्र. गाडी थांबवली, कॅमेरा लावला आणि उजेड मोजायचा लाईट मीटरच सापडेना. पण चंद्राचा उजेड दर चौरस फुटाला २५० कँडल्स हा आकडा त्याच्या डोक्यात पक्का होता, त्यावरून त्यानं एक्सपोजर काढलं आणि एक फोटो घेतला. दुसरा घ्यायच्या आत क्रॉसवरचं ऊन गेलं. म्हणजे अख्ख्या देखाव्यात ज्याचा भरवसा धरता येईल अशी वस्तू एकच होती, चंद्र, कारण त्याच्यावरचं ऊन काही पाच मिनिटांत जात नाही.

बरं, उजेडाचं जमलं तरी हलण्याचं काय? ५० पट झूमला माझं स्वतःचं हृदय फ्रेममध्ये दिसतं, खरंच, प्रत्येक ठोक्याला चंद्र उडी मारतो. ट्रायपॉड आणला होता एक स्वस्तातला, पण गच्चीत वारा सुटला की तोच लटलटायचा आणि त्यात खाली पाण्याचा पंप सुरू झाला की बिल्डिंगच थरथरते. शेवटी एका संकष्टीला मी स्वयंपाकघरातून एक किलो साबुदाण्याची पिशवी उचलली, कठड्यावर ठेवली आणि कॅमेरा तिच्यात रुतवून बसवला. अप्रतिम. पाहिजे तसा कोन द्या, पिशवी धरून ठेवते. दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्काही फोटोत येत नाही. आई म्हणाली, "उपासाचा साबुदाणा आहे तो, पाय लागला तर बघ." पाय नाही लागला. पण तेव्हापासून ती पिशवी फोडायची नाही, कॅमेऱ्याची म्हणून वेगळी ठेवायची, असा आमच्यात अलिखित करार झाला.

साबुदाण्यावरून आठवलं. भिजलेला एक दाणा चिमटीत धरून हात पूर्ण लांब करा आणि चंद्रावर धरा, चंद्र जेमतेम झाकला जातो, थोडी कड बाहेर राहते. एवढासाच आहे तो आकाशात, अर्धा अंश. टॉवरच्या मागून निघताना केवढा मोठा वाटतो, तो निव्वळ आपल्या डोक्याचा खेळ, कॅमेऱ्यात मोजला तर वर आल्यावरही तेवढाच. आणि कॅमेऱ्याच्या आत सेन्सरवर तर त्याची प्रतिमा दोन मिलिमीटरची, मोहरीएवढी. साडेतीन हजार किलोमीटर रुंदीचा गोळा एका मोहरीत, त्यातून आपल्याला खड्डे मोजायचेत. म्हणून डिजिटल झूमच्या नादी लागायचं नाही, ती मोहरी नुसती ताणून दाखवतात.

फोकसचंही तसंच, ऑटोफोकसला चंद्राच्या मध्ये काही पकडायला मिळत नाही, तो पुढेमागे भटकत बसतो. चंद्राच्या कडेवर नाहीतर उजेड-अंधाराच्या रेषेवर पकडला की बसतो. एवढं सगळं करूनही मला चार महिने फोटो दुधी येत होते. शेवटी फोर्टात बोरा बाजारात कॅमेरा दाखवला, दुरुस्तीवाल्यानं लेन्समध्ये टॉर्च मारला आणि मला आत बघायला लावलं. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. मुंबईचा पावसाळा, दुसरं काय. चामड्याच्या बॅगेत घालून कपाटात ठेवलं की बुरशीला माहेरच मिळतं. आता कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात असतो, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, लोणच्याच्या बरणीच्या शेजारी.

हवा मात्र डब्यात घालता येत नाही. फोटो काढायचा ठरवलात तर चंद्र टॉवरच्या डोक्यावर आल्याआल्या काढू नका, मी कितीतरी महिने हेच करत होतो. वीस अंशावर असतो तेव्हा आपण डोक्यावरच्या मानानं जवळजवळ तिप्पट हवेतून त्याला बघत असतो, त्यात टॉवरच्या शेकडो एसींची गरम हवा वर उठत असते, स्क्रीनवर चंद्राची कड तापलेल्या कढईतल्या तेलासारखी लहरते. अकरा-साडेअकरापर्यंत थांबलं की शांत होतो. आणि एकावर समाधान मानायचं नाही, तीस-चाळीस काढायचे, त्यातले दोन हवेच्या स्थिर क्षणात सापडतात. अमेरिकेत जॉन विल्यम ड्रेपरनं १८४० मध्ये न्यूयॉर्कला चंद्राचा फोटो काढला तेव्हा एका प्लेटला वीस मिनिटं लागली होती, आणि चंद्र तर दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, त्या माणसाच्या चिकाटीपुढे आपले चाळीस क्लिक म्हणजे काहीच नाही.

एक मात्र आहे, उजेडाच्या प्रदूषणाचं रडगाणं इथे चालत नाही. तारे बघायला मुंबईचे लोक कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीला जातात आणि तेही अमावस्या गाठून. चंद्राला वांगणी नको, परळचा पिवळा उजेड त्याचं काही वाकडं करू शकत नाही. मुंबईत राहणाऱ्या माणसाच्या वाटणीला आलेलं एवढंच आकाश, ते तरी नीट बघावं.

भाच्याचा फोन हा एक वेगळाच विषय. नवा फोन घेऊन आला, हात वर केला, क्लिक, आणि माझ्याहून स्वच्छ चंद्र, विवरांसकट. माझे सहा महिने, बोरा बाजार, साबुदाणा, सगळं पाण्यात. पण मला राहवेना. माझाच एक बिघडलेला, पार धूसर फोटो लॅपटॉपवर लावला, खोलीत अंधार केला आणि त्याला म्हटलं, आता याचा काढ. फोननं त्या धूसर गोळ्यावरही विवरं काढून दिली, जी स्क्रीनवर नव्हतीच! म्हणजे फोनला चंद्र पाठ आहे. गोल पांढरं दिसलं की तो आठवून लिहितो, पेपरात न बघता निबंध लिहिणाऱ्या मुलासारखा. भाचा म्हणाला, "पण मामा, चंद्राची एकच बाजू दिसते ना आपल्याला कायम, मग पाठ केला तर बिघडलं कुठे?" प्रश्न बरोबर होता. मला त्या रात्री उत्तर देता आलं नाही.

उत्तर तिथीत होतं. चेहरा तोच असला तरी त्याच्यावरचं ऊन रोज सरकतं. तिथी म्हणजे दुसरं काय, चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी झाली, म्हणजे चंद्रावर ऊन कुठपर्यंत आलंय हेच त्यात लिहिलेलं आहे, भिंतीवरचं कालनिर्णय हे चंद्राचे फोटो काढणाऱ्याचं सगळ्यात उपयोगी अ‍ॅप आहे आणि त्याला चार्जिंग लागत नाही. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर पडतो, सावल्या नाहीत, सगळं सपाट, फ्लॅश मारून काढलेला पासपोर्ट फोटो. कोजागिरीचा चंद्र दुधासाठी ठीक, फोटोसाठी नाही. शुद्ध अष्टमीला या, संध्याकाळी चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो आणि उजेडाच्या कडेवर प्रत्येक विवराची भिंत सावली टाकत उभी असते. दशमीच्या आसपास कोपर्निकस नावाचं विवर दिसतं, ९३ किलोमीटरचं. सीएसएमटीहून कर्जत लोकल पकडा, नेरळ मागे पडून कर्जत यायला झालं तरी तुम्ही त्याच एका खड्ड्यात आहात. आईला हे सांगितलं तर तिनं विचारलं, "मग आपलं चांद्रयान दिसेल की." नाही दिसणार. माझ्या लेन्सला चंद्रावरचं सात-आठ किलोमीटरपेक्षा लहान काही वेगळं दिसत नाही, इथून गच्चीवरून सीएसएमटी नाहीतर वांद्रे, तेवढं सगळं मिळून एक ठिपका. विक्रम २३ ऑगस्ट २०२३ ला खाली दक्षिणेकडे उतरला, तो भाग मी तिला बोटानं दाखवला. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती, मग ताटातलं फूल तिनं त्या दिशेनं वाहिलं.

आणि ससा. आपण शशांक म्हणतो तो ससा म्हणजे चंद्रावरची लाव्हाची काळी मैदानं. डोकं म्हणजे शांततेचा समुद्र म्हणतात ते मैदान, अपोलो ११ मधून १९६९ च्या जुलैत माणूस उतरला तो इथेच, सशाच्या डोक्यावर. कानांतला एक म्हणजे सुपीकतेचा समुद्र, चंद्राच्या कडेजवळ. इंटरनेटवरच्या नकाशात तो उजवीकडे असतो, पण ते नकाशे उत्तरेकडच्या देशांसाठी, आपल्याकडे उगवता चंद्र आडवा पडलेला असतो, कान वर. मी नकाशाशी जुळवायला मान वाकडी करून बसायचो.

संकष्टीचे फोटो जमवता जमवता एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी, पौर्णिमेनंतर तीन-चार दिवस, चंद्र वरच्या कडेनं कुरतडलेला, आणि दर महिन्याला ती सावली साधारण एकाच जागी, सशाच्या त्या कानावर. कान अर्धा कापलेला. काही तासांचा, फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो तेवढाच. सोडून दिलं, लिहूनही ठेवलं नाही.

मग भाद्रपद आला. गणेश चतुर्थी, घरात गणपती, आरती झाली, आणि दिवसभर कोसळून पाऊस थांबलेला. मी गच्चीत कपडे आणायला गेलो (खरंच कपडे आणायला) तर पश्चिमेला ढग फाटलेले आणि फटीत चंद्राची कोर, होडीसारखी कललेली. भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा चंद्र, वर्षातला एकच दिवस जेव्हा बघायचा नसतो. बघितला तर चोरीचा आळ येतो, स्यमंतक मण्यापायी कृष्णालासुद्धा सुटका झाली नव्हती. मी खाली धावलो, डब्यातून कॅमेरा काढला, पिशवी उचलली. आईनं स्वयंपाकघरातून बघितलं. "आज?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "मी बघत नाही, कॅमेरा बघतोय." "आणि कॅमेऱ्यात कोण बघतंय?" याला उत्तर नव्हतं. पिशवी, टायमर, आयएसओ ४००, १/६०. सहा फोटो मिळाले आणि ढग मिटले.

"मला दाखवू नकोस," खाली आल्यावर आई म्हणाली. मी बरं म्हटलं. मग थोड्या वेळानं, मोदकाची उकड मळता मळता, "उद्या दाखव. पंचमीला चालेल."

रात्री लॅपटॉपवर बघितला तर कोरेमध्ये फक्त कान. ससा सगळा अंधारात, कान तेवढा उन्हात, आणि उजेडाची रेषा जिथे तुटत होती ती जागा मला ओळखीची वाटली. मागच्या संकष्टीचा फोटो उघडला, फिरवून सरळ केला, दोन्ही शेजारी ठेवले. एकाची रेषा दुसऱ्याच्या रेषेला लागत होती. बरोबरच आहे की, दोन्ही चतुर्थ्याच, एकीकडे अमावस्येनंतर तीन-चार तिथी झालेल्या, दुसरीकडे पौर्णिमेनंतर तीन-चार तिथी झालेल्या, रेषा एकाच ठिकाणी येणार, फक्त उजेड पलीकडून. संकष्टीला जो तुकडा सावलीत असतो साधारण तोच भाद्रपदातल्या चतुर्थीला उन्हात असतो. बघायलाच पाहिजे त्या दिवशी जेवढा गायब, बघायचा नाही त्या दिवशी तेवढाच हजर.

दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमीची भाजी निवडत बसलेल्या आईसमोर लॅपटॉप ठेवला आणि दोन्ही फोटो सरकवून जोडून दाखवले. तिनं चष्मा वर केला, खाली केला. "म्हणजे दर महिन्याला मी याला एवढा सोडून बघते," ती म्हणाली, आणि कोरेवरून बोट फिरवलं. मग परत अळूची पानं उचलली. "आणि साबुदाणा काल वरच विसरलास का? जा आधी, भिजला असेल."